फ्रेंचमध्ये मी गरीब गाय

पन्नाशीच्या बाईने फावल्या वेळात काय शिकावं याबद्दल आमच्या पार्ल्याच्या सोसायटीत एकमत आहे. हार्मोनियम चालते, गीतेचे अध्याय चालतात, बिनअंड्याचा केक तर फारच चालतो. मी 'फ्रेंच' म्हटल्यावर मात्र लिफ्टमधल्या सगळ्यांनी आधी माझ्याकडे आणि मग माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. त्याने वेळीच लक्ष घालायला हवं होतं, असा त्या नजरेचा अर्थ.

कारण साधं होतं. लेक शिकायला लिऑनला गेली आणि तिने तिथलाच मुलगा पसंत केला. मुलगा गुणी आहे, वरणभात हाताने खातो. त्याला इंग्रजी येतं, त्याच्या आईला येत नाही. सुरुवातीला लेक मध्ये बसून दुभाषीपणा करायची. पण माझी चार वाक्यं ऐकून ती पलीकडे दीडच सांगते, हे माझ्या लवकरच लक्षात आलं. उरलेली अडीच कुठे जातात विचारलं तर म्हणाली, "आई, ती तू बोलायला नको होतीस."

मग चर्चगेटच्या बाजूला संध्याकाळचा क्लास लावला. वर्गात मास्टर्सला निघालेली पोरं, कॅनडाच्या पीआरवर, म्हणजे कायम राहायच्या परवान्यावर, डोळा ठेवून आलेलं ठाण्याचं एक जोडपं (2023 पासून कॅनडा फ्रेंच येणाऱ्यांसाठी वेगळे ड्रॉ काढतो, म्हणून नवरा-बायको एकमेकांचे गुण जावा-जावांसारखे तपासत असतात), आणि मी. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान. पहिल्या दिवसापासून मराठी, हिंदी, इंग्रजी बंद. पाणी प्यायला जायचं तरी फ्रेंचमध्ये विचारायचं. पहिले काही दिवस मी तहानलेलीच राहिले.

अनुनासिकांवर मला वर्गातली पहिली शाबासकी मिळाली. माझं माहेर रत्नागिरीकडचं; नाकात बोलायला आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. खरी गोची झाली ती 'र'पाशी. हा 'र' जिभेवर नसतो, घशात खोल कुठेतरी असतो. तो शोधण्याचा सराव मी लेडीज डब्यात करायची. सांताक्रूझ जाईपर्यंत बाया नुसत्या बघायच्या. बांद्र्याला एकीने पर्समधून ज्येष्ठमधाचा तुकडा काढून हातावर ठेवला आणि म्हणाली, "मावशी, आज घरीच राहायचं नाही का?"

मराठी माणसाला लिंगांचं भय नसतं. ताट ते, वाटी ती, तांब्या तो, असे तिन्ही आपण एकाच पाटापुढे मांडून जेवतो. फ्रेंचमध्ये दोनच. नपुंसकलिंगातली मंडळी त्यांनी इकडेतिकडे वाटून टाकली आहेत, आणि कोण कुणाच्या वाट्याला का गेलं हे विचारायचं नाही. भाषेतल्या वादांवर मत द्यायला 1635 साली स्थापन झालेली अकादमी फ्रांसेज आहे. तिच्या सभासदांच्या जागा 40, आणि त्या सभासदांना 'अमर' म्हणतात. 2020 साली माणसं पटापट जात असताना या अमरांनी कोविड स्त्रीलिंगी आहे असं जाहीर केलं. तोपर्यंत लोक त्याला पुल्लिंगी म्हणून मोकळे झाले होते.

आणि आकडे! साठपर्यंत सगळं सुरळीत. सत्तर म्हणजे साठ-दहा. ऐंशी म्हणजे चार-वीस. नव्व्याण्णव म्हणजे चार-वीस-दहा-नऊ. जन्म बँकेत काढलेला माझा नवरा हे ऐकून पेपर खाली ठेवून हसला. मी त्याला म्हटलं, "अहो, माझी आजी नारळ कसे मोजायची? चार विसा न् धा. तेव्हा तुम्ही तिला अडाणी म्हणायचात. हे पॅरिसचे लोक म्हणतात तर क्लासची फी भरायची." पॅरिसमध्ये आजही 'पंधरा-वीस' नावाचं डोळ्यांचं इस्पितळ आहे, तेराव्या शतकात राजा नववा लुई याने 300 अंधांसाठी ते काढलं, म्हणून पंधरा विसा. बेल्जियममध्ये आणि स्वित्झर्लंडमध्ये मात्र सत्तरला आणि नव्वदला सरळ शब्द आहेत. लेकीने थोडं उत्तरेला जाऊन मुलगा पाहिला असता तर माझे किती कष्ट वाचले असते!

यातला खरा छळ फोन नंबरचा. तिकडे दहा आकडे जोडीजोडीने सांगतात. विहीणबाई 'स्वासांत' म्हणाल्या की मी साठातला 6 लिहून बसते, तेवढ्यात पुढे 'कॅंझ' येतं आणि ते पंचाहत्तर निघतं. 6 खोडून 7 करेपर्यंत पुढच्या दोन जोड्या निघून गेलेल्या असतात. नवऱ्याने शेवटी सुचवलं, "अगं, व्हॉट्सॲपवर टाकायला सांग ना." ते कसं सांगायचं तेच तर शिकतेय मी.

पण उच्चार, आकडे वगैरे ठीक आहे. मला जाच होता तो फ्रेंचमधल्या माझाच. मराठीतली मी कोण? भाजीवाल्याने वजनात मारलं तर तराजू परत लावायला लावणारी. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून सेक्रेटरीला उभं करणारी. फ्रेंचमधल्या बाईची मात्र कशाबद्दलच तक्रार नाही. तिला सफरचंद आवडतं. आज हवा छान आहे. तिचा नवरा उंच आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर विहीणबाई काहीही म्हणाल्या की ती गोड हसून 'दाकोर' म्हणते, म्हणजे कबूल. एका रविवारी त्या म्हणाल्या, आता एकमेकींना 'वू' नको, 'त्यू' म्हणू या. आमच्याकडे विहिणी-विहिणी वीस वर्षांनीसुद्धा अगं-तुगंवर येत नाहीत. शिवाय मी फक्त 'वू'चीच रूपं पाठ केली होती. तरीही दाकोर!

असं दाकोर-दाकोर करत लग्नाच्या तारखेपर्यंत आलो. तिकडे कायद्याने लग्न नगरपालिकेतच, मेयर किंवा त्याच्या सहकाऱ्यासमोर लागतं. ते आधी, आणि डिसेंबरात पार्ल्यात अंतरपाट, असं ठरलं होतं. विहीणबाईंनी तारीख सांगितली. मी कालनिर्णय उघडलं. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. भर पितृपक्ष.

लेक नेमकी कामावर. मी पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा फ्रेंचमध्ये 'नॉं' म्हटलं. का, ते सांगायला माझ्याकडे शब्द होते मेलेले आणि जेवणे हे दोन, आणि काळ एकच, वर्तमान.

"ले मोर मांज," मी म्हटलं. मेलेले जेवतायत.

"मोर कशाला आणलास मध्ये?" नवरा मागून म्हणाला.

विहीणबाईंनी सावकाश विचारलं, "शे वू?" तुमच्याकडे?

"वी. शे नू."

त्यांनी थोडा विचार केला. मग लग्नघरातली कुठलीही बाई विचारेल तेच विचारलं. "कोंब्यां?" किती जण?

"बोकू," मी म्हटलं. पुष्कळ. आमच्या घरात सासरची बाजूच केवढी मोठी.

विहीणबाई उठून गेल्या. मला वाटलं, मोडलं लग्न. पण त्या फोन घेऊन परत आल्या आणि स्क्रीनसमोर एक फोटो धरला. भाच्याच्या लग्नातला मांडव, मीच कौतुकाने पाठवलेला. पांढऱ्या-पिवळ्या शेवंतीने मढवलेला. तेव्हा त्या नुसतं "त्रे बो" म्हणाल्या होत्या, जरा बारीक आवाजात. आता त्यांनी फुलांवर बोट ठेवलं. "क्रिझांतेम. नॉं." मग माझ्यासाठी अगदी सोपं करून सांगितलं: 1 नोव्हेंबर, सगळी माणसं कबरस्तानात, प्रत्येक कबरीवर हीच फुलं. म्हणजे इतके दिवस बाई पलीकडे बसून विचार करत होती, की या लोकांनी नवरा-नवरीला जिवंतपणीच कुठे नेऊन बसवलंय.

सौदा झाला. त्यांची शेवंती आणि माझे पितर, दोघांनाही लग्नातून वगळलं. तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात सरकली. मुहूर्ताचा विषय मी काढलाच नाही. चातुर्मास समजावायला निदान बी-टू पातळी लागते आणि मी अजून ए-वनमध्येच आहे.

परवा डिसेंबरच्या मांडवासाठी दादरच्या फुलबाजारात गेले. फुलवाला म्हणाला, "ताई, शेवंती घ्या, स्वस्तात करून देतो."

"शेवंती नको. ती मेलेल्यांची."

त्याचा गजरा ओवणारा हात थांबला. "कोण म्हणतं असं?"

"आमच्या विहीणबाई."

"मग निशिगंध घ्या," तो म्हणाला आणि त्याने दुप्पट भाव सांगितला.

पुढचं संभाषण संपूर्ण मराठीत झालं.