पिल्लाचं नाक शूमध्ये घासायचं नसतं

"कुत्र्याच्या पिल्लाने घरात शू केली तर त्याचं नाक त्यात घासा, दोन फटके द्या, आपोआप सुधारतं" असा मेसेज सगळीकडे फिरतोय. माझ्या आत्याने तो मनावर घेतला. आता तिचं अडीच महिन्यांचं पिल्लू तिची चाहूल लागली की सोफ्याखाली शिरतं. पाठवणाऱ्यांनी हे जरा वाचावं.

आधी नाक घासण्याचं बोलू. शिक्षा लगेच, काही क्षणांत झाली तरच कुत्रा ती आपल्या कृतीशी जोडतो. आत्या बाजारातून येते तेव्हा शू वाळलेली असते. पिल्लाच्या लेखी मार बसतो तो आत्या दारातून आत आली म्हणून. रशियन शास्त्रज्ञ पावलोव यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना मेट्रोनोमचा (ठरावीक लयीत टकटक करणाऱ्या यंत्राचा) ठोका ऐकून लाळ सुटायची, कारण ठोक्यामागोमाग अन्न यायचं. इथे आत्याच्या पावलांमागोमाग मार येतो, म्हणून भीती सुटते. बरं, शू करताना पकडून मारलंत तरी ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायची नाही. मग बाहेर फिरवताना अडवून धरतं आणि घरी येऊन कपाटामागे करतं. शिवाय या वयात लघवीवर पुरता ताबाच नसतो. शिक्षा कशाची करताय?

"त्याला चूक कळते, चेहरा बघा" हेही खोटं. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 साली 14 कुत्र्यांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. कुत्र्याने मना केलेला खाऊ खाल्ला की नाही, हे मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं होतं. तो 'अपराधी' चेहरा मालक रागावल्यावर जास्त दिसला. कुत्र्याने खाऊ खाल्ला होता की नाही याने फरक पडला नाही. उलट, न खाताच ओरडा बसलेल्या कुत्र्यांमध्ये तो अधिक दिसला. म्हणजे आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो तो आपल्या रागाला दिलेला प्रतिसाद असतो.

"आपण कळपाचे म्होरके आहोत हे दाखवा" याबद्दल एवढंच की, ही कल्पना ज्यांच्या 1970 च्या पुस्तकाने पसरली त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. म्हणजे मारून म्होरकेपण सिद्ध करायचा प्रश्नच येत नाही.

"खाऊने कुत्रा लालची होतो" यात थोडं तथ्य आहे, मान्य. आधी खाऊ दाखवून मग काम करून घेतलं तर तो खाऊ दिसल्याशिवाय हलत नाही. म्हणून खाऊ काम झाल्यावर द्यायचा, आणि सवय लागली की कधी द्यायचा, कधी नुसती शाबासकी.

झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर पिल्लाला बाहेर न्या. शू झाली की तिथेच, त्याच क्षणी खाऊ द्या. घरात झाली तर काही न बोलता, वास जाईपर्यंत पुसा.