प्रोजेक्ट संपतो, पीएचडी संपत नाही

आमच्या लॅबमध्ये महिन्याच्या पंधरा तारखेनंतर कोण काय खातंय, यावरून कुणाला पैसे कुठून मिळतात ते ओळखता येतं. एकीचा खानावळीचा डबा दोन्ही वेळचा असतो. दुसरी दुपारचा एकच डबा लावते, त्यातल्या दोन पोळ्या कागदात गुंडाळून संध्याकाळसाठी ठेवते आणि विचारलं की म्हणते, "मला रात्री फारशी भूकच नसते मॅडम." दोघी एकाच हूडवर, म्हणजे जंतूंचं काम करायच्या बंदिस्त टेबलावर, आळीपाळीने बसतात. दोघी क्षयरोगावरच काम करतात. दोघींची गाईड मीच आहे, म्हणून हे लिहिणं मला टाळता येत नाही.

पहिलीने नेट-जेआरएफ, म्हणजे संशोधनाची फेलोशिप देणारी राष्ट्रीय परीक्षा, काढली. तिला पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार होते, आता एसआरएफ (वरच्या टप्प्याची फेलोशिप) झाल्यावर ४२ हजार आणि वर घरभाडे भत्ता. दुसरी माझ्या प्रोजेक्टवर आली, म्हणजे तिचे पैसे मला ठरावीक मुदतीसाठी मिळालेल्या संशोधन निधीतून. तीही हुशार आहे, थोड्या मार्कांनी परीक्षेत राहिली. आयसीएमआर, म्हणजे केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद, जेआरएफची स्वतंत्र परीक्षा घ्यायची तेव्हा अख्ख्या देशातून साधारण दीडशे मुलं घ्यायची. अशा परीक्षांत राहिलेली मुलं काही कमी कुवतीची नसतात. प्रोजेक्ट मार्चमध्ये संपला. मी मुदतवाढ मागितली, ती मिळालीही, पण पैशांशिवाय. म्हणजे काम चालू ठेवायला परवानगी आहे, काम करणारीला द्यायला काही नाही.

लोक म्हणतात, मग तीन वर्षांत पीएचडी संपवायची ना. वैद्यकीय संशोधनात हे का होत नाही ते सांगते. पोटात राहणारा ई. कोलाय जंतू चांगल्या मीडियममध्ये (जंतू-पेशी वाढवायच्या पोषक द्रवात) वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. क्षयाच्या जंतूला त्यासाठी वीस तासांच्या आसपास लागतात. संध्याकाळी ई. कोलाय प्लेटवर टाकला तर सकाळी कॉलनी, म्हणजे जंतूंचे डोळ्यांना दिसणारे ठिपके, दिसतात; क्षयाच्या कॉलनीसाठी तीन ते सहा आठवडे थांबावं लागतं. एक प्रयोग तीनदा करून तेच उत्तर आलं तरच ते छापण्याजोगं, म्हणजे एका साध्या प्रश्नाला अर्धं वर्ष. त्याआधी एथिक्स कमिटीची मंजुरी, हॉस्पिटलशी करार, रुग्णांची संमतीपत्रं मराठीत करून घेणं. प्रोजेक्टचं घड्याळ मात्र निधीच्या पहिल्या हप्त्यापासून चालू होतं. आमच्या पहिल्या रुग्णाचं रक्त लॅबमध्ये आलं तेव्हा प्रोजेक्टचे अकरा महिने संपलेले होते. यात आळस कुणाचाच नव्हता.

आणि हप्ता म्हणजे दरवर्षी नव्याने सुरू होणारी वाट. मार्चअखेर हिशोब, पैसे ठरल्याप्रमाणे खर्च केल्याचं युटिलायझेशन सर्टिफिकेट, त्यावर सह्या, मग वर पाठवणं, मग "फाइल प्रोसेसमध्ये आहे." तेवढ्या महिन्यांत मुलं बिनपगारी लॅबमध्ये येतात, कारण पेशी तर मरतील ना. घरमालक त्या फाइलसाठी थांबत नाही.

मी स्वतः प्रोजेक्ट जेआरएफ होते. २०१४ च्या ऑक्टोबरपासून जेआरएफची रक्कम १६ हजारांवरून २५ हजार झाली, पेपरात बातमी आली, वडिलांचा गावाहून फोन आला की बरं झालं गं. माझ्या प्रोजेक्टचं बजेट जुन्या दराने मंजूर झालेलं होतं. मला १६ हजारच मिळत राहिले. वडिलांना ते कधी सांगितलं नाही. खोलीभाडं, डबा, धाकट्या भावाची फी यात भागेना, म्हणून संध्याकाळी सहा ते आठ बारावीच्या मुलांच्या बायोलॉजीच्या शिकवण्या घ्यायला लागले. आठला सुटलं की पुन्हा लॅब.

एका संध्याकाळी इन्क्युबेटरचा कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर संपला. मी तिथं असते तर दहा मिनिटांत बदलला असता. परत आले तेव्हा फ्लास्कमधलं मीडियम, जे केशरीकडे झुकणारं लाल असतं, ते जांभळट गुलाबी झालं होतं, म्हणजे बिघडलं होतं. आत चार रुग्णांच्या रक्तातून काढलेल्या पेशी होत्या, सहा-सात दिवस वाढवून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) केलेल्या. दोन दिवस वाट पाहिली, मग सगळं ब्लीचमध्ये ओतलं. त्या चौघांत एक आजी होत्या. औषधं सुरू होण्याआधीचं रक्त दिलं होतं त्यांनी, "माझ्या नातवंडांच्या उपयोगाला येईल" म्हणून. औषधं सुरू झाल्यावर तसं रक्त पुन्हा मिळत नाही. त्या नमुन्याची किंमत कुठल्याच बजेटमध्ये लिहिलेली नसते, आणि तो माझ्या महिन्याच्या दोन-तीन हजारांच्या शिकवणीपायी गेला. हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे. वैद्यकीय संशोधनात पीएचडीला प्रवेश दिला, की त्या मुलाला किमान अमुक रक्कम पाच वर्षं मिळेलच, ही हमी प्रवेश देणाऱ्या संस्थेने द्यावी. पैसे परीक्षेच्या फेलोशिपमधून येवोत, माझ्या प्रोजेक्टमधून येवोत, जिथं कमी पडेल तिथं संस्थेने भर घालावी. आज आपल्याकडे फेलोशिपची कमाल ठरलेली आहे, पण खाली धरायला तळच नाही. केंद्रीय विद्यापीठात नेट नसलेल्याला महिना ८ हजारांची फेलोशिप; तीही २०१५ मध्ये बंद करायला निघाले तेव्हा मुलं दिल्लीत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दारात बसली म्हणून टिकली. बाकी कित्येक ठिकाणी शून्य.

जी रक्कम ठरलेली आहे ती तरी कशी वाढते बघा. २०१४ ला २५ हजार, २०१९ ला ३१ हजार, २०२३ ला ३७ हजार. दर वेळी चार-साडेचार वर्षांचं अंतर, आणि २०१९ च्या वेळी तर देशभरच्या संशोधक मुलांना प्रयोग सोडून रस्त्यावर यावं लागलं. सरकारी नोकरांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बघितला जातो. त्याच निर्देशांकाला फेलोशिप जोडली तर कुणाला मोर्चा काढावा लागणार नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी टोरांटोत वैद्यकीय संशोधनात पीएचडी करते. तिथं सगळं गोड आहे असं नाही. कॅनडात केंद्राची मास्टर्सची स्कॉलरशिप २००३ पासून वर्षाला १७,५०० डॉलरवर अडकलेली होती, मुलांनी आणि प्राध्यापकांनी मिळून आवाज उठवला, तेव्हा २०२४ च्या अर्थसंकल्पात ती २७ हजार झाली आणि पीएचडीची ४० हजार. घरभाडं तिथंही पोरांना रडवतं. पण ती मला म्हणाली, "मॅडम, प्रवेशाच्या पत्रातच किमान किती मिळणार ते लिहिलं होतं." आपल्या प्रवेशपत्रावर नियम असतात, फीचा तक्ता असतो, ही एक ओळ नसते.

माझ्याच व्यवसायातले लोक म्हणतील, एवढे पैसे द्यायचे तर आम्हाला मुलं कमी घ्यावी लागतील. हो, घ्यावी लागतील. सहा जणांना अर्धपोटी राबवण्यापेक्षा तिघांना नीट पैसे देऊन घ्यावं, असं मला मनापासून वाटतं. कामही बरं होतं.

आणि "शिकायला आलेत, पैसे कशाला" म्हणणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, निवासी डॉक्टरही शिकतच असतो ना? त्याला विद्यावेतन मिळालंच पाहिजे, मीही त्याच्या बाजूची आहे. त्याच्यासमोर रुग्ण बसलेला दिसतो म्हणून आपल्याला ते पटतं. आमच्या मुलींसमोर त्याच रुग्णाच्या रक्ताची नळी असते. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. या आजारावर कुणी रात्री जागून काम करायचं, तर ते याच मुलांनी.

दुसरीसाठी मी संस्थेकडे अर्ज केला आहे. सहा महिने तरी अंतर्गत निधीतून द्या, असा. उत्तर आलेलं नाही. तिचे शेवटचे दोन प्रयोग उरलेत, दोन्ही क्षयाच्या जंतूच्या गतीने होणार.

पुढच्या महिन्यात नव्या बॅचच्या मुलाखती आहेत. आम्ही मुलांना पीसीआर विचारतो, इम्युनॉलॉजी विचारतो. या वेळी प्रत्येकाला आधी मी सांगणार आहे, की माझ्याकडे तुझ्यासाठी किती महिन्यांचे पैसे आहेत, आणि ते कुठून येतात. मग त्यानं ठरवावं. तुमच्या घरातलं, ओळखीतलं कुणी अशा मुलाखतीला निघालं असेल तर त्याला हा प्रश्न विचारून यायला सांगा.