पुन्हा हँग, पुन्हा रिस्टार्ट!

माझा डेस्कटॉप एकदाचा बंद पडला असता तर परवडलं असतं. बंद मशीन निदान तपासता येतं. हा डेस्कटॉप तासन्‌तास व्यवस्थित चालतो आणि ऐन कामात माउस जागच्या जागी थिजतो, स्पीकरमधून घरघर, स्क्रीन काळी, रिस्टार्ट. सेव्ह न केलेलं सगळं पाण्यात.

विंडोजच्या नोंदी दाखवणारा इव्हेंट व्ह्यूअर उघडावा तर एकच नोंद, कर्नल-पॉवर ४१. म्हणजे मशीन नीट शट डाउन न होता पुन्हा सुरू झालं. अरे, ते मला दिसलंच की! कारण सांगा ना! क्रॅशचं कारण सांगणारा बगचेक कोड शून्य, क्रॅशच्या वेळची मेमरी साठवणारी डम्प फाइलही नाही.

त्यावर सगळ्यांचा ठरलेला सल्ला, फॉरमॅट मारा. का मारू? वीजपुरवठाच क्षणभर डगमगत असेल तर फॉरमॅटने काय साधणार? रॅमवर रात्रभर मेमटेस्ट चालवली, एकही एरर नाही. प्रोसेसरचं तापमान ठीक. संशय उरतो एसएमपीएसवर, म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर. त्याची १२ व्होल्टची लाइन ११.४ च्या खाली जायला नको. पण ग्राफिक्स कार्डने अचानक जास्त करंट ओढला की ती निमिषभर खाली जाऊ शकते आणि साध्या मल्टिमीटरला ते दिसतही नाही. दुसरा खात्रीचा एसएमपीएस लावून बघणं, एवढंच हातात. त्यानंतर चार दिवस शांत गेले तरी भरवसा नाही, हा बिघाड आठवडाभरही दडी मारतो.

आणि दुरुस्तीला नेला की हमखास ऐकायचं, “आमच्याकडे तर मस्त चालतोय.” मशीन सुरू करून नुसती रिकामी स्क्रीन बघत बसलात तर चालणारच! लोड टाकून, जड काम देऊन बघा की जरा!