एक रुपया येणे

भोंगा वाजायला लागला तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर उन्हात उभा होतो. हातात दुकानाचा मोबाइल आणि मोबाइलला लोंबणारी तुटकी वायर. स्थळ कोल्हापूर, राजारामपुरी. वेळ भर दुपारी बारा. समोर उसाच्या रसाच्या गाड्यावर दोघं जण ग्लास तोंडाशी नेता नेता थांबले. त्यातला एक आमच्या पतसंस्थेचा खातेदार. मी त्याच्याकडं बघून हसलो. तो हसला नाही.

हे कालचं. कान अजून गरम आहेत, तोवर लिहून टाकतो.

माझ्या जुन्या मोबाइलचं चार्जिंगचं भोक सैल झालंय. वायर खुपसून वर शब्दकोश ठेवावा लागतो, तोही जाड खंड. पातळ खंडाला तो दाद देत नाही. तेव्हा नवा घ्यायचा ठरलं. बजेट पंधरा हजार.

अकरा रात्री मी व्हिडिओ बघितले. पंधरा हजारांच्या मोबाइलची तारीफ करून झाल्यावर व्हिडिओतला मुलगा म्हणाला, फक्त दीड हजार जास्त घातले तर अमोलेड स्क्रीन मिळेल. दीड हजारानं काय होतंय? साडेसोळाला अमोलेड मिळाला, पण प्रोसेसर मागच्या वर्षीचा निघाला. आमच्या घरातला फ्रीज २००९ चा आहे, त्याबद्दल कधी काही वाटलं नाही. पण मागच्या वर्षीचा प्रोसेसर म्हटल्यावर चारचौघांत बनियनवर उभं राहिल्यासारखं झालं. मग अठरा. मग एकवीस. रात्री पावणेदोनला मी बासष्ट हजारांच्या मोबाइलपाशी पोचलो होतो आणि तिथलाही मुलगा म्हणत होता, जरा बजेट वाढवलंत तर. बायकोनं कूस बदलली तेव्हा भानावर आलो. तिथून खाली उतरणं चढण्यापेक्षा अवघड गेलं. गड उतरताना जसे गुडघे बोलतात तसे. शेवटी २१,९९९ ला दमून बसलो.

आता एकच प्रश्न राहिला होता, हा घेण्यासारखा आहे का. पुण्याच्या भाच्याला विचारलं. तो म्हणाला, "मामा, युसेजवर डिपेंड आहे." ऑफिसातल्या शिपायाला विचारलं, तोही तेच. व्हिडिओतले सगळे शेवटी तेच. मला या वाक्याचा संताप येतो. उद्या माझ्या टेबलापुढं कर्ज मागायला माणूस आला, आणि मी म्हटलं की मंजूर करायचं का नाही ते तुमच्या फेडण्यावर डिपेंड आहे, तर संचालक मंडळ मला ठेवील का? मी फाइल बघतो आणि सांगतो. होय किंवा नाही. इथं जगात कुणी होय म्हणत नाही, नाही म्हणत नाही, आणि चॅनेलला सबस्क्राइब मात्र करायला सांगतात.

म्हणून दुकानात गेलो. निदान समोर माणूस असेल.

माणूस बाविशीचा होता, गळ्यात पट्टा. "बोला सर." मी मॉडेल सांगितलं. त्यानं श्वास घेतला आणि आरती म्हणावी तसं सुरू केलं. आठ प्लस आठ रॅम, एकशे अठ्ठावीस स्टोरेज, पन्नास मेगापिक्सेल, पाच हजार पाचशे बॅटरी, सदुसष्ट वॉट, एकशे वीस हर्ट्झ.

"किती सीटर?"

हा आवाज माझ्या कोपराजवळून आला. काउंटरच्या कडेला स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. पांढरा शर्ट, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीवर रबर बँड लावलेला मोबाइल. वय सत्तरीला टेकलेलं. मला वाटलं मालकांचे वडील, कारण मुलगा बोलत असताना ते मान हलवत होते आणि काही आकड्यांना मुद्दाम हलवत नव्हते. पुढं कळलं की एस.टी.तून रिटायर झालेले कंडक्टर. त्यांच्या गाडीला तास होता आणि दुकानात एसी होता, एवढाच त्यांचा त्या दुकानाशी संबंध.

"काय म्हणालात?" मी विचारलं.

"मोबाइल वो. किती सीटर?"

मुलाला सवय असावी. तो म्हणाला, "सोळा, मामा. आठ प्लस आठ."

"म्हंजे आठ बसून आन् आठ उभं?"

मी चाट पडलो. व्हर्च्युअल रॅम नावाचा प्रकार समजून घेण्यात माझ्या दोन रात्री गेल्या होत्या. स्टोरेजमधली जागा उसनी घेऊन तिलाच रॅम म्हणायचं, ती खऱ्या रॅमच्या पासंगालाही पुरत नाही, पण खोक्यावर बेरीज करून छापतात. मामांनी ते चार शब्दांत उरकलं. मला हुरूप आला. वाटलं, इतक्या दिवसांत पहिला जाणकार भेटला.

ही माझी पहिली चूक.

मामांनी मोबाइल हातात घेतला. तळहातावर दोनदा खालीवर करून वजन बघितलं, नारळ वाजवावा तसा पाठीवर टिचकी मारून ऐकला, मग उलटा करून म्हणाले, "मागं तीन दिवे हायेत. पेटतात किती?"

"तिन्ही कॅमेरे आहेत मामा. पन्नासचा मेन, आठचा वाइड, दोनचा मॅक्रो."

"चांगला कुठला?"

मुलगा माझ्याकडं बघून म्हणाला, "तसा... मेन."

"मंग दोन रिफ्लेक्टर," मामा म्हणाले आणि मलाच टाळी मागितली.

मलाही राहवलं नाही. म्हटलं, पन्नाससुद्धा नावालाच. चार चार पिक्सेल एकत्र करून फोटो साडेबाराचाच निघतो. मामा गंभीर झाले. "चार भावांचा एक सातबारा," ते म्हणाले, आणि बराच वेळ गप्प बसले. त्यांच्या घरचं काही दुखणं निघालं असावं.

मुलानं विषय बदलला. "आयपी चौसष्ट आहे सर. पाण्याला प्रोटेक्शन."

"आपली पंचगंगा ३९ फुटाला इशारा, ४३ फुटाला धोका," मामा म्हणाले. "ह्याला किती फुटाला?"

"फुटाला नाही मामा. शिंतोड्याला."

"शिंतोडे? कोल्हापुरात?"

याच्यापुढं कुणाला बोलता येईना. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात ज्या गावानं बोटीनं शेजारी बघितला, त्या गावात शिंतोड्यांपासून संरक्षण विकायचं धाडस लागतं. आणि एवढं करून वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की पाणी गेल्यास कंपनी जबाबदार नाही. मी असा एखादा करारनामा पतसंस्थेत आणला असता तर लेखापरीक्षकानं मला उभा चिरला असता.

मामांची मुलाखत मात्र चालूच होती. बॅटरी स्वारगेटला जाऊन परत येईल का. करूळ घाटात रेंज धरतो का. मुलगा म्हणाला फाइव्ह-जी आहे. मामा म्हणाले, "ते हितं. घाटात?" आतापर्यंत माझ्या मागं तीन गिऱ्हाइकं जमली होती आणि ती माझी नव्हे, मामांची होती. मी हळूच मुलाला विचारलं की बाबा रे, एका वाक्यात सांग, हा घेण्यासारखा आहे का?

"सर, तुमच्या युसेजवर डिपेंड आहे."

माझ्या तोंडून काहीतरी निघणार तेवढ्यात मामा म्हणाले, "उजेडाचं काय? उन्हात दिसतो?"

"बाराशे निट्स आहे मामा."

"ते माप मला सांगू नको. ऊन भायेर पडलंय. साहेब, दावा नेऊन."

मुलगा म्हणाला डेमो पीस बांधलेला आहे. मामा म्हणाले, "वायर हाय की लांब. गुरंसुद्धा बांधूनच चारत्यात." ही वायर लँडलाइनच्या फोनसारखी पिळाची असते, ओढली की येत राहते. ती येत राहिली म्हणून मी जात राहिलो. मागून मामा, "चला, पुढं चला, पुढं मोकळं हाय," असं सांगत होते. चाळीस वर्षं माणसं त्या आवाजाला पुढं सरकलीत, मी कोण लागून गेलो? दार आलं. पायरी आली. कट्ट.

मग तो भोंगा.

"ओ काका! ठेवा ते! आधी ठेवा ते खाली!" मॅनेजर आतून धावत आला. इथं एक गोष्ट नोंदवून ठेवतो. दुकानात असेपर्यंत मी सर होतो. उंबऱ्यापलीकडं गेल्याबरोबर काका झालो. आणखी दोन पावलं टाकली असती तर 'ए' झालो असतो.

मामा माझ्या मदतीला आले. हात वर करून साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "विनातिकीट न्हाईत ते! माझ्याबरोबर हायेत!"

याचा उपयोग झाला असता, जर मामा कोण हे कुणाला माहीत असतं.

आत आणून मला खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मॅनेजरनं "होतं सर असं कधी कधी" असं म्हणून वायर तपासली आणि नंतर पुन्हा एकदा तपासली. उन्हात स्क्रीन दिसली का, हे मामांनी विचारलं. गडबडीत बघायचं राहिलं होतं.

माझा गेलेला मूड परत यावा म्हणून मुलानं माझाच फोटो काढला. पोर्ट्रेट मोड. "बघा सर, किती क्लीन." मी बघितलं. मागचं कपाट धूसर झालं होतं, ते ठीक. पण कानांवर माझे जे थोडे केस टिकून आहेत, ज्यांना मी रोज सकाळी तेल लावून सांभाळतो, तेही त्या यंत्रानं पार्श्वभूमीत जमा केले होते. डाव्या कानाची कडा गेली होती. गालाला मात्र चकाकी. मामांनी तो फोटो हातात घेतला, एकदा फोटो, एकदा मी, असं पास तपासावा तसं दोनदा बघितलं.

"ह्यो कोण?"

"मीच."

"ह्या फोटोवर सवलत मिळायची न्हाई. पासष्टच्या आत दिसताय."

"मी एक्कावन्नचा आहे."

मामांनी चष्मा वर सरकवून मला पुन्हा नीट बघितलं. "व्हय?" म्हणाले. बाकी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तर मोबाइल मी घेतला. गुणदोष तोलून घेतला असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं कारण असं की रसाच्या गाड्यावरचा खातेदार अजून तिथंच होता, दुसरा ग्लास घेऊन. मोकळ्या हातानं बाहेर पडलो असतो तर सोमवारपर्यंत अख्ख्या संस्थेत कळलं असतं. हातात पिशवी आणि पिशवीत बिल दिसणं भाग होतं. अकरा रात्रींचा अभ्यास असा पाच मिनिटांत निकालात निघाला. मुलगा उगाच सांगत होता की पुढच्या आठवड्यात रेट वाढणार, एआयवाले सगळी मेमरी उचलतात. मामा म्हणाले, "डिझेल वाढलं की भाडं वाढायचंच." त्याला दुजोरा द्यायची माझ्यात ताकद नव्हती.

बिल बघितलं आणि तोंड आणखी कडू झालं. २१,९९९ मधले सुमारे ३,३५६ रुपये जीएसटीचे. अठरा टक्के. १ एप्रिल २०२० च्या आधी हेच बारा होते. लॉकडाऊनमध्ये जग घरात बसलं आणि शाळेपासून बँकेपर्यंत सगळं मोबाइलवर आलं, नेमका त्याच सुमाराला कर वाढला. आता गॅसचा नंबर मोबाइलवर, पोराची फी मोबाइलवर, रेशनचा ओटीपी मोबाइलवर. मोबाइल नसलेल्या माणसाला सरकारदरबारी कुणी दारात उभं करत नाही, आणि मोबाइल घेतला की अठरा टक्के, चैनीची वस्तू घेतल्यासारखे. शिवाय खोक्यात चार्जर नाही. पर्यावरणासाठी. सदुसष्ट वॉटची आरती ऐकली होती ती नुसती क्षमता. प्रसाद वेगळा, चौदाशे नव्व्याण्णव. माझ्या जुन्या चार्जरची पिन यात बसत नाही. म्हणजे पर्यावरणासाठी मी जुना टाकायचा आणि नवा घ्यायचा. मी नाही घेतला. हट्टानं नाही घेतला.

पैसे रोख दिले. जुना मोबाइल यूपीआयचा पिन टाकेपर्यंत मावळतो. पाचशेच्या चव्वेचाळीस नोटा. कॅशिअरनं मशीनमधून दोनदा काढल्या आणि म्हणाली, "सर, एक रुपया सुट्टा नाही. चॉकलेट चालेल?"

स्टुलावर मामा पिशवी उचलून निघायच्या बेतात होते. ते थांबले. इतका वेळ ते गंमत करत होते हे मला तेव्हा कळलं, कारण आता त्यांचा चेहरा खरोखरचा कामाचा झाला.

"चाकलेट न्हाई," ते म्हणाले. "बिल आणा हिकडं."

त्यांनी माझं बिल घेतलं, उलटं केलं, कानामागचं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, '१ रु. देणे'. भोवती गोल केला. खाली सही ठोकली. मग ते माझ्या हातात देऊन, "उतरताना मागून घ्या," असं सांगून ते दारातून बाहेर गेले. भोंगा वाजला नाही.

नवा मोबाइल टेबलावर पडून आहे, अठ्ठावीस टक्क्यांवर आलाय. हे मी जुन्यावरच लिहितोय, जाड खंडाखालून वायर काढून. मघाशी त्या दुकानाचा मेसेज आला: आपला खरेदीचा अनुभव कसा होता, एका वाक्यात कळवा. मी कळवलं, 'एक रुपया येणे.'

उत्तर लगेच आलं. 'धन्यवाद, काका.'