चिंतामणी द्या, वांगी घ्या

घरात लग्न ठरलंय आणि पत्रिका तुम्हीच डिझाईन करणार आहात, कारण घरात लॅपटॉप तुमच्याकडे आहे आणि मागे एकदा कुणाच्या तरी वाढदिवसाचा बॅनर केला होतात. मस्त. फक्त प्रेसवाल्याला आधी फोन करून काही विचारू नका. कागद कुठला, मशीन कुठलं, रंगांचं प्रोफाईल (त्या मशीन-कागदावर रंग कसे उतरतील त्याची फाईल) कुठलं लावू, असं विचारलं की तो सांगतो, आणि सांगितलं की मग ऐकावं लागतं.

रंग निवडायला रात्री बारानंतर बसा. ब्राईटनेस फुल्ल आणि नाईट मोड चालू, म्हणजे पडदा मस्त पिवळट होतो आणि निळा मनासारखा दिसेपर्यंत त्यात अजून अजून निळा ओतता येतो.

आणि निळा म्हणजे तरी कुठला, तर आईच्या पैठणीचा चिंतामणी! मग फाईल आरजीबीतच, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्यातच ठेवा ना. स्क्रीन उजेड मिसळते, तिन्ही रंग फुल्ल केले की पांढरंशुभ्र, आणि कागदावर असते शाई, सायन (आकाशी), मॅजेंटा (राणी) आणि पिवळी तिन्ही फुल्ल टाकल्या की मळकट चॉकलेटी होतं म्हणून चौथी काळी लागते, पण ही प्रेसवाल्यांची अंतर्गत भानगड, आपल्याला काय त्याचं. तुम्ही बिनधास्त ०, ०, २५५ टाका. हा निळा चार शायांत बसतच नाही, मग सॉफ्टवेअर बिचारं सायन भरतं आणि वर मॅजेंटाही भरभरून ओततं आणि छापून येतं भरताचं वांगं. मॅजेंटा सायनपेक्षा तीसेक टक्के कमी ठेवला तर निळा निळाच राहतो असं जुने डिझायनर सांगतात, पण ते जुने आहेत. फोटोशॉपात कंट्रोल वाय दाबलं की छापल्यावर साधारण कसं दिसेल ते आधीच दिसतं. पोपटी मलूल होतो, केशरी विटकरीकडे झुकतो, सगळा मूड जातो. चुकून दाबलंत तर लगेच परत दाबा.

आता मजकूर. तो आरजीबीतल्या काळ्यात टाका. छपाईच्या शायांत बदलताना फोटोशॉपच्या नेहमीच्या सेटिंगला त्याचं होतं सायन ७५, मॅजेंटा ६८, पिवळा ६७, काळा ९०, म्हणजे ३०० टक्के शाई, आणि तीही 'आमचे येथे श्रीकृपेकरून' एवढ्याशा अक्षरांवर. चार शायांच्या चार प्लेटा केसभर जरी हलल्या तरी प्रत्येक वेलांटीला लाल-निळी सावली पडते आणि अनुस्वार भरून जातात. नुसता १०० टक्के काळा ठेवला असता तर स्वच्छ आलं असतं, पण सावलीने कसं, थ्रीडी वाटतं.

कागद मात्र शेवटच्या दिवशी बदला. डिझाईन गुळगुळीत आर्ट पेपरसाठी केलंय ना, मग काकांना खरखरीत हँडमेड आवडला की लगेच हो म्हणा. तो शाई पितो, ठिपके पसरतात, रंग बसके होतात, फोटोतला नवरा मुलगा दोन शेड सावळा होतो (मुलीकडच्यांना काय ते तुम्ही समजवा).

फाईल व्हॉट्सॲपवरच पाठवायची, डॉक्युमेंट म्हणून नाही, फोटो म्हणून. १०८० पिक्सेलची इमेज ३०० डीपीआयला (छपाईला लागतात तसे इंचाला ३०० ठिपके) जेमतेम साडेतीन इंचात संपते, तीच ताणून सात इंच करता येते, जागा काय कमी आहे. कडेला ३ मिलीमीटर ब्लीड, म्हणजे कापण्यापुरतं जास्तीचं डिझाईन, सोडू नका, कटिंगला गणपतीबाप्पांचा कान गेला तर ती त्यांची इच्छा.

प्रूफ, म्हणजे आधी छापून बघायचा नमुना, काढायचं नाही. दोन-चारशे रुपये जातात. काढलंच तर हॉलमधल्या पिवळ्या बल्बखाली बघा, ५००० केल्विनचा पांढरा उजेड वगैरे प्रेसवाल्यांची नाटकं. आणि रंग कळवताना पँटोनचं शेड पुस्तक उघडून नंबर द्यायचा नाही, ते १९६३ पासून त्याच कामासाठी आहे म्हणून काय झालं. आपला मोबाईल प्रेसवाल्याच्या नाकासमोर धरायचा आणि म्हणायचं, "दादा, अस्साच पायजे." त्याच्या मोबाईलवर तो रंग वेगळाच दिसतोय हे त्याने दाखवलं तर म्हणायचं, तुमचा फोन स्वस्तातला आहे.

मग ५०० पत्रिका येतात. गठ्ठा सुटतो. सगळे गप्प. तुम्ही ताबडतोब प्रेसवाल्याला शिव्या घाला, आजकाल कामं कशी करतात लोक वगैरे, तेवढ्यात मोठी काकू एक पत्रिका उचलते, चष्मा लावते आणि म्हणते, "वांगी कलर बाई वेगळाच घेतलास हो, माझ्या शालूला मॅचिंग झाला."

तुम्ही म्हणा, "हो काकू, मुद्दामच."