ट्रकवाल्यांनो, उजवीकडेच राहा

मोठी गाडी नव्याने हातात घेतलेल्या ट्रकचालक बंधूंसाठी चार सूचना. जुन्यांना गरज नाही. ते सगळे मागच्या रविवारी वडोदऱ्याच्या कपुराई चोकडीपासून भरूचपर्यंत माझ्या पुढेच होते.

पहिली लेनची. वडोदरा-सुरत रस्त्याला आपल्या बाजूला तीन लेन. त्यातली दुभाजकाला चिकटलेली उजवीकडची लेन तुमच्या आजोबांनी तुमच्या नावावर करून ठेवलेली आहे. गाडी होईल तितकी डावीकडून चालवावी, असं 2017 च्या नियमांत छापलंय खरं. पण छापलेलं सगळं कुठे वाचतो आपण? शिवाय ‘भारी वाहने डावीकडे’ ही पाटीही डाव्या अंगालाच असते. तुम्ही उजवीकडे, तिचा तुमचा संबंध येतोच कुठे!

इंडिकेटर फक्त नवरात्रात लावावा, एरवी बल्ब जळतो.

आरसे गोंडे बांधायला असतात.

आता ओव्हरटेक. खरी कला इथे आहे. पुढचा ट्रक 60 ने चाललाय, तुमचा रेटून रेटून 62 ने पळतो. त्याच्या मागे राहायचं म्हणजे इज्जतीचा प्रश्न. काढा बाहेर! दोन्ही ट्रकांची लांबी आणि मागचं-पुढचं अंतर धरून साठेक मीटर सरकायचंय. ताशी 2 किलोमीटरच्या फरकाने त्याला जवळजवळ दोन मिनिटं लागतात, तेवढ्यात पावणेदोन किलोमीटरच्या वर रस्ता सरतो. मधे चढ आला की तुमचाही 60 होतो, मग दोघं वरातीत निघाल्यासारखे बरोबरीने. पोर गावाच्या पुढे माझ्यासमोर तर तिघे होते, तीन लेनमध्ये तीन. मधल्याच्या फाळक्यावर ‘फरी मळीशुं’, म्हणजे पुन्हा भेटू. अरे, आधी सुटू तर दे! डिपर दिला, हॉर्न दिला (‘हॉर्न प्लीज’ त्यानेच लिहिलं होतं). उजवीकडच्याच्या क्लीनरने खिडकीतून हात काढून खूण केली: डावीकडून जा. शेवटी डावीकडचा एका हॉटेलात वळला, म्हणून मी डावीकडून काढली. आणि समोरून, उलट्या दिशेने, कडब्याने लादलेला ट्रॅक्टर! ब्रेक असा मारला की बायकोच्या मांडीवरचा डिंकाच्या लाडवांचा डबा पुढे आदळून उघडला. जायफळाचा वास अजून गाडीतून गेलेला नाही, आणि तिने दाराची मूठ टोल नाक्यापर्यंत सोडली नव्हती.

बास झाली थट्टा. डाव्या लेनमध्ये खड्डे आहेत, दुचाक्या आहेत, फांद्या लावून उभे केलेले बंद ट्रक आहेत, हे मलाही दिसतं. बारा-बारा तास गाडी मारणाऱ्याला गुळगुळीत रस्ता हवासा वाटणारच. पण तुम्ही उजवी अडवली की मागचा प्रत्येक जण त्याच डावीकडे घुसतो, ऐंशी-शंभरच्या वेगाने, बायको-पोरं बसवून स्कूटरवर निघालेल्या माणसाच्या अंगावर. तो मेला तर तुम्हाला कळतही नाही, कारण आरशात गोंडा आहे! ओव्हरटेक करा ना, कोण नको म्हणतंय? झाला की डावीकडे या. होत नसेल तर मागे राहा. भरलेलं लोखंड दोन मिनिटांत वितळत नाही.

आणि कारवाल्यांनो, माना डोलावू नका. उजव्या लेनमधून पन्नासने जात फोनवर व्याह्यांशी मानपानाचं बोलणारे तुम्हीच. मागून कितीही हॉर्न वाजवा, तुमचं आपलं ‘हं, मग आहेराचं काय?’ चालूच.

सुरतेला पोहोचलो तेव्हा पाळणा म्हणून झाला होता. बाळाची एकुलती एक सख्खी आत्या माझ्या शेजारी बसून आलेली, आणि मुहूर्त टळू नये म्हणून कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं शेजारच्या फ्लॅटमधल्या गुजराती फोईने, म्हणजे त्यांच्यातल्या आत्येने.