खोडलेली तिसरी ओळ

आज व्यसनमुक्तीच्या ओपीडीतून परतल्यापासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहायला बसले आहे. कुटुंबीयांच्या बैठकीत एका तरुण मुलीने खाली मान घालून विचारले, "दारू सुटल्यापासून हे माझ्या जवळच येत नाहीत, गोळ्यांमुळे असं होतं का?" समुपदेशकांनी वही मिटली आणि म्हणाले, "ताई, आधी त्यांना नीट सावरू द्या, बाकीचं नंतर बघू." दोघे-तिघे हसले. त्यानंतर बैठक संपेपर्यंत ती ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत बसली होती. मी तिच्या शेजारीच होते आणि मी गप्प राहिले, हे मला अजून टोचते आहे.

"नंतर बघू" या शब्दांची किंमत माझ्या घराने मोजलेली आहे. नवऱ्याला विचारूनच हे लिहीत आहे. तीन वर्षांपूर्वी, त्याचे उपचार सुरू होऊन दोन महिने झाले असताना, डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी त्याने एका चिठ्ठीवर लिहून घेतल्या होत्या. पहिली ओळ झोपेबद्दल होती, दुसरी हातांच्या थरथरीबद्दल. तिसरी ओळ त्याने लिहून खोडली होती, आणि इतक्या जोराने खोडली होती की निळ्या शाईखाली कागद फाटला होता. ती चिठ्ठी मला त्याच्या शर्टाच्या खिशात सापडली, तोवर त्याने नैराश्यावरच्या गोळ्या आपल्याच मनाने बंद केल्या होत्या आणि त्यानंतर १९ व्या दिवशी तो पुन्हा पिऊन घरी आला होता.

त्या दिवसांत तो स्वतःला नामर्द समजत होता आणि मी समजत होते की त्याचे मन माझ्यावरून उडाले आहे. वर्षानुवर्षांच्या दारूने नसांना इजा होते आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घटते, नैराश्यावरच्या अनेक गोळ्यांनी इच्छा मंदावते किंवा वीर्यपतनाला फार वेळ लागतो, आणि अशा वेळी गोळी बंद न करता डॉक्टरांकडून मात्रा किंवा औषध बदलून घेता येते, हे आम्हा दोघांना समोर बसवून कोणी पाच मिनिटांत सांगितले असते, तर ती ओळ खोडावी लागली नसती.

मला राग याचा येतो की हे ओपीडीचे उपचार आहेत. दाखल झालेला माणूस निदान काही आठवडे घरापासून दूर असतो. ओपीडीतला माणूस त्याच रात्री आपल्या अंथरुणावर, आपल्या जोडीदाराशेजारी झोपतो. ज्या उपचारांत माणूस रोज रात्री घरी जातो, त्या उपचारांनी रात्रीबद्दल बोलायचेच नाही, हे कसले उपचार?

हे केवळ दारूपुरते नाही. अफू, हेरॉइन किंवा तत्सम वेदनाशामकांमुळे वीर्यपतन लांबते, आणि ती सुटल्यावर कित्येक पुरुषांचे ते फार लवकर होऊ लागते. हे बहुधा काही काळाने निवळते आणि त्यावर उपाय आहेत, हे माहीत नसलेला माणूस काय करेल? ज्या गोष्टीने "वेळ" मिळत होता, तिच्याकडेच वळेल. त्याच नशेने बायकांची पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. उपचार सुरू झाल्यावर पाळी दिसण्याआधीच बीज सुटू शकते, म्हणजे "पाळीच नाही, तर दिवस कसे राहतील" या भरवशावर असलेल्या बाईला दिवस राहतात, आणि घाबरून तिने ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे अफू-हेरॉइनची ओढ आवरण्यासाठी दिले जाणारे औषध, एकदम बंद केले, तर तिच्यावर आणि गर्भावर आणखी संकट येते.

सुईतून नशा करणाऱ्यांना एचआयव्हीची भीती घातली जाते. पण संसर्गाची शक्यता निर्माण झाल्यापासून ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके चांगले, औषध सुरू करून २८ दिवस घेतले तर बचाव होऊ शकतो, हिपॅटायटिस बी वर लस आहे, हिपॅटायटिस सी बहुतेकांचा दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, आणि नियमित औषधाने एचआयव्हीचा विषाणू तपासणीत न सापडण्याइतका दबलेला राहिला तर तो शरीरसंबंधातून जोडीदाराला होत नाही, हे त्यांच्या बायकांना कोण सांगते? भिंतीवर निरोधचा तक्ता लावला की काम झाले, असे समजतात.

आणि ज्यांनी आयुष्यात कधीच शुद्धीत शरीरसंबंध ठेवलेला नाही, त्यांचे काय? त्यांच्यासाठी शुद्धीतली पहिली जवळीक ही नशेची ओढ पुन्हा उसळण्याची जागा असू शकते. ज्या बाईने नशेतल्या नवऱ्याची जबरदस्ती सोसली आहे, तिला तर त्याच खोलीत पुन्हा विश्वासाने झोपायचे असते. हे "बाकीचं" नव्हे.

समुपदेशकांवर कामाचा भार फार असतो, मान्य. सर्वांसमोर असे बोलणे प्रत्येकाला जमणार नाही, हेही मान्य. मग वेगळी खोली द्या, बायकांसाठी बाई समुपदेशक द्या, पण विषय टाळू नका.

एवढे लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. वही मिटताना त्या समुपदेशकांचे कान लाल झाले होते, ते आता आठवते. तो माणूस वाईट नाही; माझ्या नवऱ्याने पुन्हा प्यायला सुरुवात केली तेव्हा रात्री अकरा वाजता फोन उचलणारे तेच होते. हा विषय कसा बोलायचा, हे बहुधा त्यांनाही कोणी शिकवलेले नसावे. पुढच्या वेळी मी त्यांना एकट्याने भेटून ती फाटकी चिठ्ठी दाखवणार आहे. नवरा म्हणतो, तोही येईल.

बैठकीनंतर त्या मुलीला मी जिन्यात गाठले. डॉक्टरांकडे जाताना मी सोबत येते, असे तिला सांगितले आणि तिथेच तिच्याकडून एक चिठ्ठी लिहून घेतली. झोपेचे आणि भुकेचे तिने खाली लिहिले आहे. हा प्रश्न सर्वांत वर आहे.